मृणालला चमचे मोजायला लावू नकोस

प्रिय मित्रा,

तुझ्या रहस्यकथेची तीन प्रकरणं वाचली. गाव छान उभं राहिलंय, वाचनालयात काम करणारी स्वमग्न (ऑटिस्टिक) मृणालही. पण प्रेत सापडल्याबरोबर ती खोलीतल्या फरशा, खिडक्या, चमचे मोजायला लागते, तिथे मी पेन्सिलीने खूण केलीय. ती का मोजते? तर तुला पुढे आकडा हवाय म्हणून. स्वमग्न माणसाच्या डोक्यात संगणकच बसवलेला असतो ही समजूत १९८८च्या 'रेन मॅन' चित्रपटाने घट्ट केली. तसं विलक्षण कौशल्य थोड्याच जणांकडे असतं, आणि रहस्यकथेत ते फार स्वस्त पडतं. लेखक अडला की नायिकेचा मेंदू चालू!

पुरावा तिच्या रोजच्या वागण्यातून येऊ दे. दुसऱ्या प्रकरणात असा एक तुझ्या हाती लागला होता, तो तू फुकट घालवलास. देशपांडेकाका सहज म्हणतात, "गुरुवारी ये की जेवायला," आणि मृणाल खरोखरच गुरुवारी बाराला त्यांच्या दारात हजर होते. वाचक हसतो, तू पुढे सरकतोस. तिथे दाराला कुलूप असू दे. मग बऱ्याच पानांनंतर काका फौजदाराला सांगतील, "गुरुवारी मी घराबाहेर पडलोच नाही." आपण हसलो नेमका तिथेच धागा होता, हे वाचकाला तेव्हा कळेल. गावात घडणाऱ्या अशा रहस्यकथेत रक्त पडद्याआड सांडतं, खुनी ओळखीतलाच निघतो आणि सगळं गाव एकमेकांशी गोड बोलत खोटं बोलत असतं. बोललेला शब्द खरा धरणारी बाई अशा गावाला भारी पडते.

अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलची वाट वेगळी. १९३०च्या पहिल्या कादंबरीपासून ती संशयिताकडे बघते आणि तिला तिच्या सेंट मेरी मीड या गावातलं कुणीतरी आठवतं. तुझ्या मसुद्यात मृणाल दोनदा तसंच करते. ते काढ, ती मार्पलबाईंची मिरास आहे.

मृणालसारख्याच शोधकांची दोन पुस्तकं बघ. मार्क हॅडनच्या २००३च्या कादंबरीत स्विंडनचा पंधरा वर्षांचा ख्रिस्तोफर शेजारणीचा कुत्रा कुणी मारला ते शोधतो. मोठी माणसं आडून काय सुचवताहेत ते त्याच्याआधी आपल्याला उमगतं. शिवॉन डाऊडच्या 'द लंडन आय मिस्टरी'त (२००७) बारा वर्षांच्या टेडचा मावसभाऊ सलीम ११:३२ला 'लंडन आय' या प्रचंड फिरत्या चक्राच्या डब्यात चढतो आणि उतरतच नाही. टेड शक्यतांची यादी करतो. सलीम आपोआप पेट घेऊन नाहीसा झाला असेल, हीसुद्धा त्यात आहे! तुला शिकण्यासारखं मला या दुसऱ्या पुस्तकात जास्त दिसतं, कारण तिथे विचार करताना चुकायचीही मुभा आहे. दोन्हींच्या मजकुरात निदानाचं नाव कुठेच येत नाही. तुझ्या पहिल्याच पानावर डॉक्टरांचा कागद आहे.

आता फौजदार. डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ. स्वमग्न आणि इतर माणसांमधला गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, अशी मांडणी त्यांनी २०१२मध्ये केली. तुझ्या कथेत मात्र न कळणारी एकटी मृणालच. ती नजर देत नाही, उत्तराला वेळ घेते, आणि फौजदाराला वाटतं ही काहीतरी लपवतेय. तिलाच संशयित कर की! (त्याला मठ्ठ मात्र करू नकोस. सगळे तेच करतात, मग तिच्या शोधाला किंमत राहत नाही.)

शेवटाच्या आराखड्यात ती जत्रेच्या गर्दीत आनंदाने फिरते म्हणे. खुनी सापडल्याने ढोल-ताशाचा आवाज कमी होत नाही रे. तिला वाचनालयात बसू दे, तिथे डोळ्यांना खुपणारी ट्यूबलाइट बंद करायची परवानगी तिनं मिळवलेली असली तरी पुरे.

पूर्ण झाल्यावर मसुदा स्वमग्न वाचकांना दाखव. त्यांच्या पालकांवर भागवू नकोस. त्याआधी गुरुवारचं प्रकरण नव्याने लिहून मला पाठव.

अनेक आशीर्वाद.