नागपुरात वरचा माळा परवानगीशिवाय बांधलेलं घर घ्यायचं आहे. गृहकर्ज मिळेल का, पुढे विकताना अडेल का?

कर्ज मिळू शकतं, पण बहुधा पूर्ण किमतीवर नाही. बँकेचा व्हॅल्युअर मंजूर नकाशा हातात घेऊन घर बघतो आणि नकाशात नसलेला माळा साधारणपणे मूल्यांकनात धरत नाही. विक्रेता मात्र त्याचेही पैसे मागतो. ही तफावत तुम्हाला स्वतःच्या खिशातून भरावी लागेल. शिवाय डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की बँकांनी भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम मंजुरीनुसार झालंय, इमारत वापरायला हरकत नाही, असा दाखला) तपासूनच इमारतीवर कर्ज द्यावं.

‘रजिस्ट्री होते, टॅक्स पावती आहे, मग काय अडचण?’ असं एजंट म्हणेल. कृपया फसू नका. रजिस्ट्रीने बांधकाम अधिकृत होत नाही. मनपा अनधिकृत बांधकामावरही कर घेते, कायद्यात त्यावर कराच्या दुपटीपर्यंत शास्तीसुद्धा (दंड) आहे.

आपल्याकडे आधी प्लॉटचंच बघावं लागतं. लेआउट गुंठेवारीतला (परवानगीशिवाय जमिनीचे छोटे तुकडे पाडून विकलेला) असेल तर आरएल लेटर, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, आहे का विचारा. ते असलं तरी त्याने फक्त प्लॉट नियमित होतो, घराचा नकाशा वेगळा मंजूर करावा लागतो.

विकताना हेच उलटं तुमच्यावर येईल: कर्ज घेणारे गिऱ्हाईक गळतात, रोखवाले भाव पाडतात. म्हणून बयाणा देण्याआधी आर्किटेक्टकडून मोजणी करून घ्या. एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात किती बांधता येतं ती मर्यादा) आणि सामासिक अंतरात (घराभोवती मोकळी सोडायची जागा) बसत असेल तर माळा दंड भरून नियमित होऊ शकतो. ते काम विक्रेत्याकडूनच करवून घ्या, आणि तसं करारनाम्यात लिहून घ्या.