पॅरोल : रजा, सुटका आणि परवल

प्रश्न आहे : अमेरिकेतल्या बातम्यांत अल्पवयीन गुन्हेगारांची ‘लाइफ विदाउट पॅरोल’ ही शिक्षा रद्द करा, अशी मागणी असते. तिला ‘पॅरोलविना जन्मठेप’ म्हणावे का?

मुळीच नाही. हे वाचून मराठी माणसाला वाटते, पोराला आईच्या आजारपणातही घरी सोडत नाहीत. आपल्याकडे पॅरोल ही रजा आहे; दिवस भरले की पुन्हा तुरुंगात हजर व्हायचे. तिकडे पॅरोल म्हणजे अटी घालून केलेली मुदतपूर्व सुटका. ती नाकारली की सोळाव्या वर्षी केलेल्या गुन्ह्यासाठी माणूस मरेपर्यंत आत. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये खुनाव्यतिरिक्त गुन्ह्यांत अल्पवयीनांना ही शिक्षा द्यायला बंदी केली, २०१२ मध्ये खुनातही ती सक्तीची ठेवायला. न्यायाधीशाच्या मर्जीवर ती अनेक राज्यांत अजून उरली आहे. वाद तेवढ्यासाठी आहे.

शब्द मात्र सुंदर आहे. फ्रेंच ‘पारोल’ म्हणजे शब्द, वचन. युद्धकैदी ‘पळणार नाही’ असा शब्द देऊन मोकळा फिरे, तोच हा. लॅटिन ‘पाराबोला’पासून तो आला, पोर्तुगिजांचा ‘पालाव्रा’ (शब्द) त्याचाच भाऊ. महाराष्ट्राच्या कारागृह खात्यात फर्लोला, म्हणजे ठरावीक शिक्षा भोगल्यावर खास कारणाविना मिळणाऱ्या रजेला, ‘संचित रजा’ आणि पॅरोलला ‘अभिवचन रजा’ म्हणतात. हे ‘अभिवचन’ ज्याने योजले त्याला मूळ नेमके कळले होते! दोन्ही रजांना सरसकट ‘पॅरोल’ म्हणणाऱ्यांनी हा फरक एकदा पाहावा.

लष्करी इंग्रजीत ‘पॅरोल’ म्हणजे पहाऱ्यावर ओळख पटवण्याचा सांकेतिक शब्दही. आपला ‘परवलीचा शब्द’ इथूनच आला, असे माझे ठाम मत आहे. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेचा सेनानी दि बॉयन होता, पुढे दौलतरावांकडे पेराँ. दोघेही फ्रेंच बोलणारे. छावणीत रोज रात्री ‘पारोल’ ठरत असणार आणि शिपायांच्या तोंडी त्याचा ‘परवल’ होणे अगदी स्वाभाविक. ‘परवल’ फारसी मानणाऱ्यांनी त्याच अर्थाचा फारसी शब्द आधी दाखवावा. नुसता फारसी वळणाचा वाटतो, हा पुरावा नव्हे.

भाषांतराचे म्हणाल, तर आपल्याच बाल न्याय कायद्याचे (२०१५) कलम २१ उघडा. कायद्याशी संघर्ष झालेल्या बालकाला फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही, असे ते सांगते. तिथे पॅरोल नाही, ‘सुटका’ आहे. ‘सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप’ असेच लिहा.