वाचकांचे प्रश्न : अंमलबजावणी संशोधनाची आखणी

सार्वजनिक आरोग्यात काम करताना संशोधनाची आखणी नव्याने शिकणाऱ्या वाचकांच्या पत्रांतून या वेळी पाच प्रश्न निवडले आहेत. पत्रे लांब होती. येथे प्रश्नांचा गाभा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : मी एका आरोग्य कार्यक्रमात वैद्यकीय अधिकारी आहे. अंमलबजावणी संशोधनाच्या प्रस्तावासाठी मी ‘अतिसार झालेल्या मुलांमध्ये ओआरएस व झिंक यांची परिणामकारकता’ हा विषय दिला. ‘हा अंमलबजावणीचा प्रश्न नव्हे’ एवढाच शेरा मारून मार्गदर्शकांनी तो परत पाठवला. यात नेमके काय खटकले असावे?

उत्तर : शेरा कोरडा असला तरी योग्य आहे. ओआरएस लागू पडते का, हा प्रश्न सुटून अर्धशतक उलटले. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन पुरेनासे झाले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी क्षार व ग्लुकोजचे द्रावण तोंडावाटे देण्यास सुरुवात केली. त्यानंतर मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. झिंकची शिफारस जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ साली संयुक्तपणे केली. तरीही जगभरात अतिसार झालेल्या मुलांपैकी निम्म्याहून कमी मुलांनाच ओआरएस मिळते. आपला प्रश्न या तफावतीत शोधायला हवा. उपाय गुणकारी आहे हे गृहीत धरून तो कोणाच्या हातून, कोणत्या टप्प्यावर निसटतो आणि निसटू नये म्हणून काय केले असता फरक पडतो, हे अंमलबजावणी संशोधन विचारते.

यातला ‘का निसटतो’ हा भाग नवशिके घाईने उरकतात, म्हणून एक उदाहरण सविस्तर सांगतो. ओआरएस लिहून न देण्याची तीन कारणे नेहमी सांगितली जातात : साठा नसतो, दुसरी औषधे विकण्यात नफा जास्त असतो, आणि रुग्णाला ओआरएस नकोच असते असा डॉक्टरांचा समज असतो. कर्नाटक व बिहारमधील दोन हजारांहून अधिक खासगी वैद्यकीय सेवादात्यांवर केलेल्या आणि २०२४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ही तिन्ही कारणे वेगवेगळी तपासली. प्रशिक्षित व्यक्ती आजारी बालकाचे पालक म्हणून त्यांच्याकडे गेल्या. काहींनी ओआरएसची पसंती बोलून दाखवली, काहींनी प्रतिजैविकांची, तर काहींनी औषध दुसरीकडून घेणार असल्याचे सांगितले, म्हणजे विक्रीतला नफा बाजूला पडला. शिवाय निम्म्या सेवादात्यांना ओआरएसचा साठा आधीच पुरवला होता. ओआरएस लिहून न देण्यामागे रुग्णाला ते नको असते या समजाचा वाटा ४२ टक्के निघाला, तर साठा नसण्याचा ६ टक्के आणि नफ्याचा ५ टक्के. हे निदान न करता कोणी पाकिटे मोफत पुरवण्याची योजना आखली असती, तर प्रस्ताव मंजूर झाला असता, पाकिटे पोहोचलीही असती, आणि आकडा फारसा हलला नसता.

आपला विषय आता असा मांडून पाहावा : ‘ओआरएस मागण्यास पालकांना प्रवृत्त करणारा संदेश दिल्यास सेवादात्यांकडून ओआरएस दिले जाण्याचे प्रमाण वाढते का, आणि तो संदेश नियमित कार्यक्रमातून किती पालकांपर्यंत पोहोचतो?’ मात्र आपल्या क्षेत्रातील अडथळा हाच आहे, हे आधी तपासून घ्यावे. दुसऱ्यांचे निदान आपल्या प्रस्तावात उसने आणता येत नाही.

प्रश्न : आमच्या प्रस्तावात ‘परिचारिकांचे प्रशिक्षण व पाठपुरावा’ ही कार्यनीती होती आणि नवजात मृत्युदर ही मुख्य निष्पत्ती (म्हणजे मोजायचा परिणाम). समीक्षकांनी कार्यनीती अस्पष्ट असल्याचे आणि निष्पत्ती चुकीच्या पातळीवरची असल्याचे कळवले. मृत्युदराहून महत्त्वाची निष्पत्ती कोणती असू शकते?

उत्तर : दोन्ही आक्षेपांचे मूळ एकच आहे. बाळाला वाचवणारा उपाय आणि तो उपाय परिचारिकेच्या रोजच्या कामात रुजवण्यासाठी आपण केलेली खटपट, म्हणजेच कार्यनीती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अंमलबजावणी संशोधनात परीक्षा या खटपटीची असते. औषधाच्या चाचणीत मात्रा, वेळ व कालावधी न लिहिता ‘औषध दिले’ असे कोणी लिहीत नाही. ‘प्रशिक्षण दिले’ हे मात्र सर्रास लिहिले जाते आणि खपूनही जाते, बहुधा अंदाजपत्रकात ते सहज बसते म्हणून.

एनोला प्रॉक्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली कार्यनीतीचे वर्णन कसे करावे हे सांगितले आहे. ती कृती कोण करणार, नेमके काय करणार, कोणाच्या वा कशाच्या बाबतीत करणार, केव्हा आणि किती वेळा करणार, त्यातून कोणती निष्पत्ती बदलावी अशी अपेक्षा आहे आणि ती बदलेल असे मानण्यास आधार काय, हे सर्व त्यात यावे. या कसोटीवर आपले वाक्य असे होईल : ‘प्रसूती कक्षाचा अनुभव असलेली प्रशिक्षित परिचारिका पहिले चार महिने आठवड्यातून एकदा केंद्रावर जाईल, एका प्रसूतीचे निरीक्षण करील, आणि सुटलेल्या कृतींविषयी त्याच पाळीत संबंधित परिचारिकेशी बोलेल.’ हे वाचून दुसऱ्या ठिकाणचा माणूस तेच काम करू शकेल. ‘पाठपुरावा’ या शब्दावरून तो काहीही करील.

निष्पत्तींविषयी याच संशोधकांच्या गटाने २०११ साली अंमलबजावणीच्या आठ निष्पत्ती वेगळ्या मांडल्या : स्वीकारार्हता, अवलंब, समर्पकता, व्यवहार्यता, मूळ उपायाशी इमान, खर्च, व्याप्ती आणि टिकाऊपणा. सगळ्या मोजण्याचा मोह टाळावा. आपल्या प्रश्नाला ज्या दोन किंवा तीन निष्पत्ती उत्तर देतील, त्या नीट मोजाव्यात.

मृत्युदर मोजू नये, असे मी म्हणत नाही. तो एकटाच मोजला तर काय हरवते, हे उत्तर प्रदेशात झालेल्या ‘बेटरबर्थ’ चाचणीवरून दिसते. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित प्रसूतीची तपाससूची वापरली जावी म्हणून तेथे आठ महिने जागेवर मार्गदर्शन दिले गेले. १२० आरोग्य केंद्रांच्या साठ जोड्या करून प्रत्येक जोडीतील एक केंद्र यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे, त्यासाठी निवडले होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दोन महिन्यांनी आवश्यक कृती पाळल्या जाण्याचे प्रमाण मार्गदर्शन मिळालेल्या केंद्रांत ७२.८ टक्के होते, तर इतर केंद्रांत ४१.७ टक्के. बारा महिन्यांनी, मार्गदर्शन थांबल्यानंतर, ते अनुक्रमे ६१.७ व ४३.९ टक्के होते. प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यातील बालमृत्यू, मातामृत्यू व मातेची गंभीर गुंतागुंत यांच्या एकत्रित प्रमाणात मात्र फरक पडला नाही : १५.१ टक्के आणि १५.३ टक्के.

केवळ शेवटचे दोन आकडे हाती असते, तर तपाससूची निरुपयोगी आहे की ती वापरलीच गेली नाही, हे कोणालाही सांगता आले नसते. मधला टप्पा मोजल्यामुळे कळले की वर्तन बदलले, आधार काढल्यावर ते काहीसे घसरले, आणि बदललेले वर्तनही जीव वाचवण्यास पुरेसे ठरले नाही. त्यामुळे पुढचा शोध कौशल्य, साधनसामग्री आणि गुंतागुंतीच्या प्रसूतींना वेळेवर मिळणारी वरच्या पातळीची सेवा यांकडे वळवता येतो. माझ्या दृष्टीने ही अयशस्वी चाचणी नव्हे. आखणी शिकणाऱ्याने आधी वाचावी अशी ती चाचणी आहे.

प्रश्न : आमचा कार्यक्रम दोन वर्षांत सर्व केंद्रांवर लागू होणारच आहे. काही केंद्रांना तो नाकारून तुलनागट तयार करणे प्रशासनाला मान्य नाही. मग यादृच्छिक विभागणीचा विचार सोडून द्यावा का?

उत्तर : लगेच सोडू नये. सर्व केंद्रांवर एकाच दिवशी कार्यक्रम सुरू होणे बहुधा शक्य नसते, म्हणजे कोणीतरी आधी आणि कोणीतरी नंतर येणारच. तो क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवता येईल का, हे प्रशासनाला विचारावे. या रचनेला स्टेप्ड वेज म्हणतात. सुरुवातीला सगळी केंद्रे जुन्या पद्धतीने चालतात, ठरावीक अंतराने एकेक गट नव्या पद्धतीत येतो आणि शेवटी सगळे त्यात असतात. गाम्बियामध्ये १९८६ साली सुरू झालेल्या अभ्यासात हिपॅटायटिस बी ची लस अशीच, लसीकरण पथकांच्या यादृच्छिक क्रमाने, सुमारे चार वर्षांत देशभर नेण्यात आली, कारण ती सर्वत्र एकदम सुरू करता येण्याजोगी नव्हती.

या रचनेला दोन पथ्ये आहेत. नव्या पद्धतीतील नोंदी स्वाभाविकपणे नंतरच्या काळातल्या असतात, त्यामुळे त्याच काळात इतर कारणांनी झालेली सुधारणा आपल्या कार्यक्रमाच्या खात्यावर जमा होऊ शकते. विश्लेषणात काळाचा परिणाम धरणे म्हणूनच सक्तीचे आहे. दुसरे पथ्य वेळापत्रकाचे. एखाद्या प्रभावशाली केंद्राने आपला क्रम पुढे ओढून घेतला, तर चिठ्ठ्यांना अर्थ राहत नाही, आणि असा दबाव येतोच, हे धरून चालावे.

नमुन्याच्या आकाराबाबत आपल्या पत्रातील ‘१००० माता पुरेशा आहेत’ हे विधान जपून करावे. एका केंद्रातील माता एकमेकींसारख्या असतात, कारण त्यांना सेवा देणारे हात तेच असतात. समजा २० केंद्रांतून प्रत्येकी ५० माता घेतल्या आणि केंद्रांतर्गत साम्याचा गुणांक ०.०५ धरला. एका केंद्रातील मातांच्या संख्येतून एक वजा करून त्या गुणांकाने गुणावे आणि त्यात एक मिळवावा, म्हणजे ३.४५ येतात, १००० ला त्याने भागल्यास हाती राहते ती सुमारे २९० स्वतंत्र मातांएवढी माहिती. त्याच केंद्रांतून प्रत्येकी १०० माता घेऊन संख्या दुप्पट केली तरी ती ३३६ पर्यंतच जाते, पण त्याच १००० माता ४० केंद्रांत विभागल्या तर ४५५ च्या आसपास पोहोचते. केंद्रे वाढवण्यास प्रवासखर्च लागतो म्हणून ती टाळली जातात. खर्च तेथेच करावा. हे गणित साध्या समांतर रचनेचे आहे, म्हणजे काही केंद्रांवर कार्यक्रम असतो आणि त्याच काळात इतर केंद्रांवर नसतो अशा रचनेचे. स्टेप्ड वेजमध्ये काळाचाही हिशेब येत असल्याने संख्याशास्त्रज्ञाची मदत प्रस्ताव लिहितानाच घ्यावी, आकडे गोळा झाल्यावर नव्हे.

क्रमही ठरवता येत नसेल, तर कार्यक्रमापूर्वीच्या व नंतरच्या मासिक नोंदींची मालिका तपासण्याचा मार्ग उरतो. ऋतुमानाचा परिणाम ओळखता यावा म्हणून दोन्ही बाजूंना किमान वर्षभराच्या नोंदी असाव्यात, आणि कार्यक्रम उशिरा पोहोचणाऱ्या भागाची मालिका शेजारी ठेवता आली तर उत्तमच. उपाय आपल्या परिस्थितीत लागू पडतो का याबद्दलही शंका असेल, तर कर्रन व सहकाऱ्यांनी २०१२ साली सुचवलेल्या हायब्रिड रचना पाहाव्यात. पहिल्या प्रकारात मुख्य भर उपायाच्या परिणामावर असतो, तिसऱ्यात अंमलबजावणीवर आणि दुसऱ्यात दोन्हींवर. दुसरा प्रकार आकर्षक दिसतो, पण त्याला मनुष्यबळ व निधी दोन्ही अधिक लागतात.

प्रश्न : अभ्यासाची वैचारिक चौकट, म्हणजे फ्रेमवर्क, म्हणून सीएफआयआर घ्यावे की री-एम? वाचावे तितके फ्रेमवर्क वाढतच जातात.

उत्तर : दोन्हींचे काम वेगळे आहे. २००९ साली मांडलेले आणि २०२२ साली सुधारलेले सीएफआयआर अडथळे व अनुकूल गोष्टी कोठे शोधाव्यात हे सांगते, म्हणून ते मुलाखतींची प्रश्नावली बनवताना उपयोगी पडते. १९९९ सालचे री-एम पोहोच, परिणाम, अवलंब, अंमलबजावणी व सातत्य या पाच अंगांनी मूल्यमापन करते. प्रश्न ठरल्यावर निवड आपोआप होते. प्रश्न ठरण्याआधी फ्रेमवर्क निवडले, तर त्याचे सगळे रकाने भरण्यातच प्रस्ताव संपतो. जागतिक आरोग्य संघटनेतील टीडीआर या विशेष कार्यक्रमाने अंमलबजावणी संशोधनासाठी तयार केलेली साधनपेटी नवशिक्यांनी जरूर अभ्यासावी.

प्रश्न : आम्ही कार्यक्रमाच्या नियमित नोंदी आणि आमच्याच कर्मचाऱ्यांच्या मुलाखती वापरणार आहोत. रुग्णांना वेगळे काहीच करायला सांगणार नाही. तरीही नीतिमत्ता समितीची परवानगी घ्यावी लागेल का?

उत्तर : प्रस्ताव समितीपुढे ठेवावा आणि परवानगी लागते की सूट मिळते, हे समितीनेच ठरवावे, संशोधकाने स्वतःला सूट देऊ नये. मात्र आपल्या प्रश्नात रुग्णांचाच विचार दिसतो, तर या अभ्यासात धोका अधिक आहे तो कर्मचाऱ्यांना. समूह पातळीवरील यादृच्छिक चाचण्यांच्या नीतिमत्तेविषयी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ओटावा निवेदनानुसार, संशोधनाचा उपाय ज्यांच्यावर किंवा ज्यांच्या कामाच्या वातावरणावर योजला जातो, तेही संशोधनातील सहभागी असतात. ‘तपासणी सूची का भरली नाही’ असे वरिष्ठ अधिकारी विचारतो, तेव्हा त्या परिचारिकेची संमती मोकळी नसते आणि उत्तरही खरे नसते. मुलाखत घेणारी व्यक्ती तिच्या वरिष्ठांच्या साखळीबाहेरची असावी, केंद्राचे नाव अहवालातून ओळखू येऊ नये, आणि नकार दिल्यास त्याची नोंद तिच्या सेवापुस्तकापर्यंत कोणत्याही मार्गाने जाणार नाही, हे संमतीपत्रात स्पष्ट लिहावे. केंद्रप्रमुखाने दिलेली परवानगी ही त्या केंद्रात काम करण्याची परवानगी असते; ती कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक संमतीची जागा घेत नाही.