शाखा नंतर, आधी तेल

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. तळलेल्या चिकनची चार दुकानं नीट चाललीयत, फ्रँचायझी मागणारे मागे लागलेत, आणि 'आता नाही तर कधी?' असं विचारलंस. पत्रात भाडी आहेत, टक्केवारी आहे, पाटीचा रंगसुद्धा आहे. तेलाबद्दल एक ओळ नाही.

तेल बघ. गर्दीच्या दुकानात ते आपोआप बरं राहतं. प्रत्येक घाणा थोडं तेल सोबत घेऊन जातो, तेवढं ताजं वरून पडतं. आता जवळच दुसरं दुकान उघड. गिऱ्हाईक तेवढंच, फक्त वाटलं गेलं. फ्रायर मात्र दोन्हीकडे दिवसभर १७० अंशांवर. तेल खपत नाही, नुसतं तापत राहतं. गडद होतं, बारीक फेस धरतं, खवट वास मारतं. लेग पीस बाहेरून काळपट आणि हाडाशी लालसर. खप कमी म्हणून मॅनेजर तेच तेल आणखी दोन दिवस ओढतो, तळलेला माल गरम कपाटात ताटकळत ठेवतो. मग उरलेलं गिऱ्हाईकही फिरकत नाही. साखळी आतून सडते ती अशी, आणि हिशेबाच्या वहीत हे फार उशिरा दिसतं.

तिकडे अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात नॅशव्हिलच्या मिनी पर्ल्स चिकनने काय केलं? टोपीला १ डॉलर ९८ सेंटची चिठ्ठी लटकवणाऱ्या लाडक्या विनोदी कलावतीचं नाव घेतलं आणि शेकड्यांनी फ्रँचायझीचे हक्क विकले. दुकानं त्यातली थोडीच उघडली. हक्कांची फी मिळकत म्हणून लगेच वहीत चढली, शेअर चढला, आणि हिशेबांची चौकशी लागल्यावर कोसळला. चिकन दुकानागणिक वेगळं लागायचं. नाव विकलं, तळण विकलंच नाही! पोपाइज या चिकनच्याच अमेरिकन साखळीच्या मालकाने १९८९ मध्ये कर्ज काढून आपल्याहून मोठी चर्चेस ही साखळी घेतली. १९९१ मध्ये त्याच्या कंपनीला दिवाळखोरीत जावं लागलं. कर्जाचा हप्ता आला की पहिली काटकसर कुठे होते, ते तुला सांगायला नको.

आता कामाचं. एक किलो चिकनला सहा किलो तेल, याहून दाट घाणा नको. तापमान लवकर परत चढलं नाही तर आवरण तेल पितं. मीठपाण्यातले तुकडे पूर्ण निथळू दे, पाण्याने तेल लवकर बिघडतं. फ्रायरवर धरून मीठ भुरभुरायचं नाही. तळाचा पिठाचा चुरा जळतो आणि सगळं तेल कडवट करतो, म्हणून रोज गाळायचं, गर्दीच्या दिवशी दोनदा. सर्वांत जाड तुकड्यात हाडाजवळ, पण हाडाला न टेकवता, ७४ अंश. तेलाचा मीटर घे; पोलर घटक, म्हणजे तेल बिघडताना त्यात साठत जाणारे पदार्थ, २४-२५ टक्क्यांवर गेले की तेल बदल, मग मॅनेजर कितीही कळवळो.

हेकटपणा म्हणशील. म्हण. वाढीचे तक्ते मांडणारे पुष्कळ भेटतील, तेलात डोकावणारं कुणी भेटणार नाही. म्हणून मी तेच तेच बोलतो, आणि बोलणारच.

तुझ्या चारांतलं सगळ्यात मंद दुकान कोणतं? मंगळवारी दुपारी तीनला न सांगता तिथे जा, मीटर बुडव आणि आकडा कळव. फ्रँचायझीचं त्यानंतर बोलू.