दादरचा एक नंबर गेला कुठे?

प्रश्न : परवा बऱ्याच वर्षांनी दादरला उतरले. भाच्याने बजावलं होतं, "मावशी, आठ नंबरवर थांब." मध्य रेल्वेचा आठ नंबर म्हणजे पार पूर्वेच्या टोकाला, हे माझ्या डोक्यात पक्कं. मी तिथे जाऊन उभी, आणि हा पठ्ठ्या तिसरीकडेच! अर्धा तास नुसती फोनाफोनी. हे आकडे कधी बदलले? आणि मुळात एका दादरला दोन रेल्वे कशाला?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, तुम्ही उभ्या होतात तो आता चौदा नंबर आहे. वर पाटी असेलच, पण दादरला पाटी बघतो कोण? मी तीस वर्षं बुकिंगच्या खिडकीत काढली, तरी तिथे पायांच्या सवयीनेच चालतो.

आकडे बदलले ९ डिसेंबर २०२३ला. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ जिथल्या तिथे राहिले आणि त्यांच्यापुढे मध्य रेल्वेचे ८ ते १४ झाले. मध्यचा जुना एक म्हणजे आजचा आठ. भाचा तिथे होता. जुना दोन शोधायला जाऊ नका. एकचा फलाट रुंद करताना तो आकडे बदलण्याआधीच त्यात जिरला. त्यामुळे हिशेब जरा तिरपा आहे : जुन्या तीनपासून पुढे सहा मिळवायचे, एकात मात्र सात.

हे हवंच होतं, असं माझं मत. पूर्वी दादरला एक नंबरही दोन आणि चार नंबरही दोन. हातात बॅगा घेऊन पुलावरून धावणाऱ्या परगावच्या माणसाने "चार नंबर कुठे?" विचारलं की आपण उलट विचारायचं, "कुठली रेल्वे?" तो बिचारा म्हणायचा, "दादरची!"

आता दोन रेल्वे कशाला, ते. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती दादरवरूनच. ती कंपनी जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. पुढे बीबीसीआय, म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया कंपनीने पश्चिमेच्या अंगाने आपला रूळ आणला आणि १८६७च्या एप्रिलमध्ये विरारहून दक्षिण मुंबईतल्या बॅकबेपर्यंत गाडी सुरू केली. तीही दादरला थांबायची. म्हणजे शेजारीशेजारी दोन बिऱ्हाडं. मालक वेगळे, नोकर वेगळे, हिशेबाच्या वह्या वेगळ्या. ५ नोव्हेंबर १९५१ला जीआयपी मध्य रेल्वेत गेली, बीबीसीआय पश्चिम रेल्वेत. आडनावं बदलली, चुली वेगळ्याच राहिल्या. आमच्या खिडकीवर म्हातारी माणसं नंतरही कितीतरी वर्षं "बीबीचं द्या" म्हणूनच तिकीट मागत.

तिकीट मात्र दोघांत एकच चालतं, हे अजूनही अनेकांना ठाऊक नसतं. डोंबिवलीहून अंधेरीला जायचं तर दादरला उतरून पुन्हा रांग लावायची गरज नाही. अंधेरीपर्यंतचं एकच तिकीट काढा, पूल चढा आणि पलीकडची गाडी धरा. पासाचंही तेच, फक्त त्यावर 'व्हाया दादर' आहे ना ते बघून घ्या. पास मार्गाचा असतो, नुसता दोन स्टेशनांचा नव्हे. घाटकोपरला उतरून मेट्रो धरलीत तर तिचे पैसे वेगळे. पुठ्ठ्याच्या तिकिटांच्या काळात, यंत्रात 'खट्' करून तारीख उमटवताना, हा 'व्हाया' मी दिवसातून पन्नास वेळा समजावून सांगत असे. मागचा माणूस तोवर सुट्टे पैसे खिडकीवर आपटत असायचा.

आणि भाच्याला सांगा, गाठ घालायला फलाट नकोच. दोन्हीकडच्या गाड्यांची गर्दी एकाच पुलावर चढते, त्यात फोनही नीट ऐकू येत नाही. पूर्वेला बाहेर पडून स्वामीनारायण मंदिरापाशी उभं राहावं. त्याला अजून कुणी नंबर दिलेला नाही.