काजूच्या बोंडांचे इथेनॉल आणि जुनी पेट्रोल गाडी

आपण विचारले आहे की, देवगडच्या घरी असलेली १९९८ सालची कार्ब्युरेटरची (म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करून इंजिनाला देणाऱ्या जुन्या धर्तीच्या भागाची) गाडी निव्वळ इथेनॉलवर चालवता येईल का, आणि बागेत दरवर्षी कुजून जाणाऱ्या काजूच्या बोंडांपासून ते इंधन घरीच काढता येईल का. मी चिपळूणला बावीस वर्षे पेट्रोल इंजिनांची दुरुस्ती करतो. बोंडांचा विषय आधी घेतो, कारण तिथे कायदाच आडवा येतो.

बोंडाच्या रसात साधारण दहा टक्के साखर असते. म्हणजे शंभर लिटर रस आंबवून जेमतेम पाच-सहा लिटर इथेनॉल हाती येईल. ते गाडीसाठी असले, तरी परवान्याशिवाय भट्टी लावणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय साध्या भट्टीतून कितीही वेळा काढले, तरी त्यात चार-पाच टक्के पाणी राहतेच. असे इथेनॉल एकटे जाळायला हरकत नाही, ब्राझीलमध्ये ते पंपावर विकले जाते. पण तेच थोडेसे साध्या पेट्रोलमध्ये ओतले, तर पाण्याचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो.

इंजिनाविषयी मात्र निःशंक राहावे. निव्वळ इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्या ब्राझीलमध्ये १९७९ पासून कारखान्यातून बाहेर पडू लागल्या. प्रश्न इंधनाच्या मापाचा आहे. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला नऊच किलो पुरते; म्हणून तेवढ्याच हवेत सुमारे दीडपट इंधन सोडावे लागते. इथे पुष्कळ जण जेटचा, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये इंधन ज्या बारीक भोकातून येते त्याचा, व्यासच दीडपट करून बसतात. वाढवायचे असते ते भोकाचे क्षेत्रफळ, त्यामुळे एक मिलिमीटरचा मेन जेट सव्वा मिलिमीटरच्या आसपास नेला की पुरतो. आयडलचा, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन मंद चालवणारा, जेटही त्याच हिशेबाने वाढवावा, नाहीतर सिग्नलला गाडी बंद पडते. इंधन कमी पडले तर व्हॉल्व्ह जळतात. प्लगचा रंग पाहून अंदाज बांधू नये, कारण इथेनॉल काजळी फारशी धरत नाही आणि प्लग एरवीही स्वच्छच दिसतो. सायलेन्सरला ऑक्सिजन सेन्सर लावून हवा-इंधनाचे माप घ्यावे. ॲव्हरेज पंधराचे दहा-अकरावर येईल, कारण लिटरमागे ऊर्जाच एक तृतीयांशाने कमी असते. थंडीत इथेनॉलची गाडी लवकर सुरू होत नाही, पण आपल्या किनाऱ्यावर तो त्रास क्वचितच होईल.

मला खरी काळजी वाटते ती पाण्याची. गणपतीला आलेल्या एका चाकरमान्याची गाडी मागे माझ्याकडे ढकलत आणली होती; मे महिन्यापासून ती पत्र्याच्या पडवीत उभी होती आणि टाकीचे झाकण सैल होते. कार्ब्युरेटरची वाटी, म्हणजे त्यात पेट्रोल साठते तो भाग, उघडली तेव्हा तळाशी पाण्यासारखा थर होता, त्यावर पेट्रोल तरंगत होते, आणि जस्ताच्या भिंतीवर चुन्यासारखी पांढरी पुटे धरली होती. पेट्रोलची नळी बोटांत दाबली तर शिळ्या शेवेसारखी तुटली. आणि हे पंपावरच्या इथेनॉल-मिश्रित पेट्रोलने झालेले होते. निव्वळ इथेनॉल हवेतले पाणी याहून जास्त ओढते. पाण्याचा थर जड असल्यामुळे पंप सगळ्यात आधी तोच उचलतो, म्हणून अशी गाडी सुरूच होत नाही.

तेव्हा हे काम करायचेच ठरवले, तर जेटला हात लावण्याआधी नळ्या, पंपाचा पडदा आणि वाटीचे गॅस्केट इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे, म्हणजे व्हिटॉनचे, बसवून घ्या. पहिल्या टाकीला जुना गाळ सुटून फिल्टर चोंदतो, म्हणून दोन फिल्टर जवळ ठेवा. असा बदल नोंदणीपत्रातील नोंदीशी जुळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरटीओची मंजुरी आधी घ्यावी लागेल. पूर्ण इथेनॉल मार्च २०२४ पासून निवडक पंपांवरच मिळू लागले, त्यामुळे घराजवळ ते मिळते का हे आधी पाहा.

माझे मत विचाराल, तर पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या गाडीत मी हा बदल करणार नाही. नळ्या व गॅस्केट तेवढी बदला, पंपावरचे पेट्रोलच वापरा, आणि जूनमध्ये मुंबईला परतण्याआधी कार्ब्युरेटरकडे जाणारे पेट्रोल बंद करून, इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवून वाटी रिकामी करा.