आवर्तसारणी की नियतकालिक सारणी?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका काकूंनी विचारलं आहे: त्यांची नात इथेच हिंदी माध्यमात दहावीला आहे. तिच्या पुस्तकात मूलद्रव्यांच्या तक्त्याला ‘आवर्त सारणी’ छापलंय, पण मोबाईलवर मराठीत शोधलं तर ‘नियतकालिक सारणी’ असं आलं. मग मराठी शब्द कोणता? आणि आवर्त म्हणजे तर पाण्यातला भोवरा, तो रसायनशास्त्रात कसा आला?

काकू, ‘नियतकालिक’ खुशाल खोडा. मराठीत नियतकालिक म्हणजे मासिक, पाक्षिक, त्रैमासिक. त्या शब्दात ‘काल’ आहे, आणि या तक्त्याचा काळाशी काही संबंध नाही. इंग्रजीत त्याला ‘पीरियॉडिक टेबल’ म्हणतात, त्यातल्या ‘पीरियड’चा ‘ठरावीक काळ’ एवढाच अर्थ धरला की ही गफलत होते. त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ भोवतालची वाट, म्हणजे फेरा. आपला ‘आवर्त’ नेमका तिथेच पोचतो: ‘आ’ उपसर्ग आणि ‘वृत्’ धातू, वळून परत येणं. भोवऱ्यातलं पाणी तेच करतं, तेव्हा तुमचा अर्थही याच घरातला. शाळेतला आवर्ती दशांश आठवा. १ ला ७ ने भागलं की १४२८५७ हे आकडे त्याच क्रमानं पुन्हा पुन्हा येत राहतात.

आपल्या ग्वाल्हेरकरांना मात्र या शब्दाची खरी ओळख गाण्यातून असते. तिलवाडा तालाचं आवर्तन १६ मात्रांचं, ते पुरं झालं की सम, म्हणजे पुन्हा पहिली मात्रा. आता मूलद्रव्यं अणुअंकाच्या, म्हणजे अणूतल्या प्रोटॉनच्या संख्येच्या, क्रमानं मांडून बघा. लिथियम ३, सोडियम ११, पोटॅशियम १९. तिन्ही धातू चाकूनं कापता येतील इतके मऊ, तिन्हींचा पाण्याशी संबंध आला की हायड्रोजन बाहेर पडतो. आठ-आठ घरांनी तोच स्वभाव परत आला. पुढचे भाऊबंद रुबिडियम ३७ आणि सीझियम ५५, इथे अंतर १८ झालं. त्यापुढचा फ्रान्सियम ८७, अंतर ३२. अणूच्या बाहेरच्या कवचांत जास्त इलेक्ट्रॉन मावतात, म्हणून फेरा लांबत जातो. तालात सम मात्रा मोजून गाठता येते, इथे ती स्वभावावरून ओळखावी लागते. म्हणजे ‘काल’ तर नाहीच, ‘नियत’सुद्धा इथे बसत नाही!

१८६९ मध्ये रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हनं हे परत येणं ओळखलं तेव्हा अणुअंक ही कल्पनाच नव्हती. तिला पक्का आधार मिळाला तो १९१३ मध्ये, इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री मोझलीच्या क्ष-किरणांवरच्या कामातून. मेंडेलीव्ह अणुभारांवरून चालला होता, आणि जिथे स्वभाव जुळेना तिथे त्यानं घर रिकामं ठेवलं. त्या रिकाम्या घरांची नावं तुम्ही नातीला जरूर सांगा: एका-अ‍ॅल्युमिनियम, एका-सिलिकॉन. यातलं ‘एका’ म्हणजे आपलं संस्कृत ‘एक’. सिलिकॉननंतर त्याच उभ्या ओळीतलं एक घर पुढे. १८७५ मध्ये एका-अ‍ॅल्युमिनियमच्या घरातलं गॅलियम सापडलं आणि १८८६ मध्ये एका-सिलिकॉनच्या घरातलं जर्मेनियम. एका-सिलिकॉनचा अणुभार त्यानं ७२ सांगितला होता, जर्मेनियमचा ७२.६ भरला. मला हा भाग कितीदाही वाचला तरी नवा वाटतो.

आडव्या ओळीला हिंदीत आणि मराठीत दोन्हीकडे ‘आवर्त’च म्हणतात. उभ्या ओळीला हिंदी पुस्तकं ‘समूह’ किंवा ‘वर्ग’ म्हणतात, मराठीत ‘गण’. मला ‘गण’ फार आवडतो. समूह कशाचाही होतो, पण पत्रिकेतला देवगण, राक्षसगण आठवा. गण म्हटलं की स्वभाव आलाच. सोडियम आणि पोटॅशियम एका गणातले, हे ऐकताक्षणी कळतं.

‘तत्व’बद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. हिंदीत मूलद्रव्याला तत्व म्हणतात. मराठीत आपण तत्त्वाला चिकटून राहतो, तत्त्वाचा माणूस म्हणतो, म्हणून रसायनात ‘मूलद्रव्य’ हाच शब्द रुळला. नात परीक्षेत ‘तत्व’च लिहील आणि तिथे तेच बरोबर आहे. घरी बोलताना ‘मूलद्रव्य’ म्हणा, आणि मराठीत लिहायची वेळ आली तर ‘आवर्तसारणी’ असं जोडून लिहा.